भरल्या मापातली तूट

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. अरण्यात खांबासारख्या निश्चल उभ्या राहिलेल्या या ब्राह्मणाच्या जटांत पक्ष्यांनी घरटे बांधले, त्यात अंडी घातली, पिले वाढवली आणि ती पिले पंख फुटून उडून गेली, तरी तो जागचा हलला नाही. आणि एवढे झाल्यावर आपल्याला धर्म साधला असे त्याच्या मनाने घेतले, तोच वाराणसीतल्या तुलाधार नावाच्या वाण्याची सर आपल्याला नाही, हे शब्द त्याच्या कानी आले. जाजली दुखावल्या अभिमानाने काशीस जातो आणि दुकानात बसलेला तो वाणी त्याला धर्माचे रहस्य सांगतो, इतका भाग पुष्कळांच्या परिचयाचा आहे. तुलाधार स्वतःच्या मालाचा तपशीलही त्या संवादात देतो, तिकडे मात्र वाचकाचे लक्ष क्वचितच जाते. अळता, पद्मकाष्ठ, नाना प्रकारची सुगंधी द्रव्ये आणि मद्य तेवढे वगळून अनेक प्रकारचे रस आपण दुसऱ्यांकडून विकत घेतो आणि कपट न करता विकतो, असे तो म्हणतो. म्हणजे जटाधारी तपस्व्याला ज्याच्या पायाशी बसून धर्म शिकावा लागला, तो मनुष्य आजच्या भाषेत सौंदर्यप्रसाधनांचा व्यापारी होता. आणि आपला तराजू सर्व भूतांच्या ठायी सारखाच राहतो असे तो सांगतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे अंगरागाची आणि सुगंधी रसांची रोजची विक्री होती, हे आपण विसरता कामा नये.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. तुलाधाराचे श्रेष्ठत्व त्याच्या निष्कपट मनात होते, की त्याच्या बिनचूक तोलण्यात? देव भावाचा भुकेला, हे ज्याच्या रक्तात भिनलेले आहे असा आपल्याकडचा वाचक तत्काळ 'मनात' असे उत्तर देईल, आणि त्या उत्तरामागे मोठी पुण्याई आहे. तुकोबा स्वतः वाण्याच्या व्यवसायातले. त्यांच्या टाळकऱ्यांपैकी चाकणचे संताजी जगनाडे तेलाचा घाणा चालवणारे. भक्तिमार्गाने यांपैकी कोणालाही परमेश्वरासाठी आपला उदीम हलका मानावयास लावले नाही. पण ज्या व्यवहारात दुसऱ्याच्या वाट्याचा पदार्थ आपल्या हातून मोजला जातो, त्या व्यवहारात शुद्ध हेतू असला म्हणजे धर्म पुरा झाला, हे म्हणणे मला मान्य होत नाही. का होत नाही, हे तेलाच्या मापावरून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच दिसत असेल.

आपल्या जुन्या हिशेबांत कैली आणि वजनी असे दोन निरनिराळे मार्ग होते. निठवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली ही कैली मापे, म्हणजे पात्र भरून मोजण्याची. गुंज, मासा, तोळा, छटाक, शेर, मण ही वजने, म्हणजे पारड्यात घालण्याची. शेर दोहींकडे येत असल्यामुळे व्यवहारात कैली शेर की वजनी शेर, ही खातरजमा करून घेणे भाग पडे. 1956 च्या कायद्याने लिटर आणि किलोग्रॅम आले आणि व्यवहार पुष्कळ सुलभ झाला, यात संशय नाही. परंतु एक लिटर पाणी साधारणपणे एक किलोग्रॅम भरते या सोयीच्या गोष्टीने लोकांच्या मनात अशी एक समजूत रुजवली की, मिलिलिटर आणि ग्रॅम ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत. पाण्यापुरते ते चालते. खोबरेल किंवा तिळाचे तेल लिटरला सुमारे 920 ग्रॅम भरते, एरंडेल 960 च्या आसपास, केसांसाठी हल्ली वापरले जाणारे जोजोबाचे तेल 865 च्या आसपास, संत्र्याच्या सालीचे सुगंधी तेल त्याहूनही हलके, आणि लवंगेचे तेल तर पाण्याहून जड असल्यामुळे पेल्याच्या तळाशी जाऊन बसते. पूर्वीच्या माणसाला 'कोणता शेर' हा प्रश्न विचारावाच लागे. आजच्या माणसाला तो प्रश्न सुचतच नाही, एवढा फरक पडला आहे.

माक्याचे तेल घरी सिद्ध करून विकणाऱ्या एखाद्या बाईंचे काम जवळून पाहावे. एक भाग कल्क, चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव हे शास्त्रोक्त प्रमाण धरून त्या लोखंडी कढईत तिळाचे तेल, माक्याचा रस आणि वाटलेला कल्क मंद आचेवर ठेवतात. मधूनमधून उलथन्याने तळ खरवडतात. रस आटत आला की कल्काचा लहानसा गोळा घेऊन बोटांत त्याची वात वळते का ते पाहतात, ती वात विस्तवावर धरून तडतडत नाही याची खात्री करतात, आणि तेलावर फेस आला की कढई उतरवतात. मग फडक्यातून गाळणे. तेल गरम असताना ते पातळ असते आणि बाटलीच्या अरुंद तोंडातून भराभर उतरते, म्हणून ते कोमट होण्याची वाट न पाहता शंभर मिलिलिटरच्या रेघेपर्यंत बाटल्या भरून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक बाटलीतले तेल रेघेच्या खाली उतरलेले असते.

यात चमत्कार काही नाही. अशी तेले तापमानाच्या प्रत्येक अंशाला दहा हजारांत सुमारे सात भाग फुगतात. 60 अंशांना भरलेले तेल 30 अंशांवर आले की शंभरांतले दोन भाग आकसतात. शंभर मिलिलिटरचे अठ्ठ्याण्णव होते. वजन मात्र रात्रीही तेवढेच होते आणि सकाळीही तेवढेच आहे. खोबरेलाची गोष्ट याहून बिकट, कारण ते 24 अंशांच्या सुमारास गोठते आणि गोठताना आणखी आकसते. नाशिकच्या जानेवारीतली बाटली आणि मे महिन्यातली बाटली यांत तेल तेच असूनही उंची निराळी दिसते. बाईंनी माप प्रामाणिकपणे रेघेपर्यंत भरले, कोणाला ठकवावे असे त्यांच्या स्वप्नातही आले नाही, आणि तरी गिऱ्हाइकाच्या घरी तेल कमी गेले. पाप झाले की नाही?

धर्मग्रंथांत खोट्या मापांचा धिक्कार सर्वत्र आहे. कुराणातली 83 वी सूरा माप घेताना पुरेपूर घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांवरच आहे. बायबलच्या लेवीय ग्रंथाच्या 19 व्या अध्यायात खरी तागडी आणि खरी वजने वापरण्याची आज्ञा आहे. राजाने सर्व तुला आणि मापे दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासावीत, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. या वचनांचा रोख मुख्यतः कपटावर किंवा बिघडलेल्या मापावर आहे. आपल्यापुढचे प्रकरण त्याहून अवघड आहे, कारण येथे मापही खरे आहे आणि माणूसही.

या अवघड प्रकरणाचा विचार आपल्याकडे झालाच नव्हता असे मात्र नाही, आणि तो एका अर्थशास्त्रकाराने केलेला आहे. कौटिल्याच्या दुसऱ्या अधिकरणातला तुलामानांवरचा अध्याय वाचताना मन आदराने भरून येते. वजने लोखंडाची असावीत, किंवा मगध व मेकल येथल्या दगडांची, किंवा ज्याला पाण्याने वाढ नाही आणि उष्णतेने घट नाही अशा द्रव्याची असावीत, येथून तो प्रारंभ करतो. आणि त्याच अध्यायात तापलेल्या तुपासाठी बत्तिसावा भाग, तेलासाठी चौसष्टावा भाग अशी 'तप्तव्याजी' नावाची भरपाई सांगून, द्रव पदार्थांत मापाला चिकटून व गळून जाणाऱ्या अंशासाठी पन्नासावा भाग निराळा धरतो. चौसष्टावा भाग म्हणजे दीड टक्क्याहून किंचित अधिक. वर सांगितलेल्या प्रसरणाच्या हिशेबाने तेल हवेपेक्षा सुमारे 22 अंशांनी उष्ण असेल तर बरोबर एवढेच फुगते. तुपाचा भाग तेलाच्या दुप्पट ठेवला आहे, तोही विचारपूर्वक, कारण तूप निवताना थिजते आणि थिजताना अधिक आकसते. उष्णतामापक यंत्र ज्या काळी नव्हते त्या काळच्या सरकारी नियमात ही जाण आहे. तिच्यामागे गिऱ्हाइकाचा वाटा गिऱ्हाइकाला मिळालाच पाहिजे, मग तो लबाडीने बुडो की नुसत्या उष्णतेने बुडो, अशी धारणा आहे, असे मी समजतो.

हाच प्रश्न आपल्या सरकारपुढे 2022 साली पुन्हा आला. खाद्यतेलाच्या पिशव्यांवर लिटरचा आकडा छापून त्याच्याशेजारी साठ अंशांपर्यंतचे तापमान लिहिण्याची प्रथा काही उत्पादकांनी पाडली होती. सोयाबीनचे तेल 21 अंशांना लिटरला 919 ग्रॅम आणि 60 अंशांना 892.6 ग्रॅम भरते, तेव्हा त्या बारीक अक्षरांतल्या तापमानाने दर लिटरमागे सव्वीस ग्रॅमांचा फरक पडत होता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्टमध्ये हुकूम काढून तापमानाचा उल्लेख गाळण्यास आणि लिटरबरोबर वजनही छापण्यास सांगितले. मला तो हुकूम तप्तव्याजीच्या थेट वंशातला वाटतो. केसांच्या आणि अंगाच्या तेलांच्या लहान उत्पादकांनीही तो धडा आपणहून उचलावा अशी माझी इच्छा आहे, कारण त्यांच्या बाटल्या लहान आणि त्यांतले तेल महाग असते.

मापात आणि वजनात हा दुरावा मुळात का असावा, याचे तात्त्विक उत्तर वैशेषिकांनी दिलेले आहे. कणादांच्या सूत्रांत गुणांची जी गणना आहे तीत प्रशस्तपादांनी आणखी सातांची भर घालून गुण चोवीस केले. त्या सातांत गुरुत्व, द्रवत्व, स्नेह आणि धर्म-अधर्म हेही येतात. परिमाण हा गुण कणादांच्या गणनेतच होता. म्हणजे एखादा पदार्थ किती जागा व्यापतो हा एक गुण आणि तो किती जड आहे हा सर्वस्वी दुसरा गुण. एकावरून दुसरा काढावयाचा तर त्या विशिष्ट द्रव्याचे स्वतंत्र ज्ञान मधे आणावे लागते. यापुढचे प्रशस्तपादांचे म्हणणे मला अधिक विलक्षण वाटते. स्थूल वस्तूचे परिमाण डोळ्यांनी दिसते, हाताला कळते. गुरुत्व मात्र प्रत्यक्ष नाही, वस्तू पडते यावरून त्याचे अनुमान करावे लागते. आणि जे गुण इंद्रियांना अगोचर आहेत त्यांची गणना करताना ते गुरुत्व, धर्म, अधर्म आणि भावनासंस्कार यांना एका पंक्तीत बसवतात. ज्या आचार्यांनी धर्म आणि वजन यांना असे शेजारी बसवले त्यांच्या मनात तेलाची बाटली खचितच नव्हती. त्यांचे प्रयोजन केवळ ज्ञानमीमांसेचे होते. तरी त्या वर्गीकरणातून आपल्या प्रश्नाला एक वाट फुटते. बाटलीतली तेलाची उंची गिऱ्हाइकाला दिसते. तिचे वजन त्याला दिसत नाही, आणि भरताना तेल किती तापलेले होते हे तर कळण्याचा त्याला कोणताच मार्ग नाही. जे एकाला दिसते आणि दुसऱ्याला दिसणे शक्य नाही, त्याची जबाबदारी ज्याला दिसते त्याच्याकडे जाते. विक्रेत्याने 'मी रेघेपर्यंत भरले' असे म्हणणे म्हणजे गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या गुणाची साक्ष काढून न दिसणाऱ्या गुणाविषयी मौन पाळणे होय.

परंतु ज्या बाईंना हे ठाऊकच नव्हते त्यांचे काय? येथे मला जैन आचार्यांचा आधार सर्वांत भक्कम वाटतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोराला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या निर्बंधाविरुद्ध व्यवहार करणे आणि बनावट मालाचा व्यापार यांच्याबरोबरच कमीजास्त मानाने आणि उन्मानाने देणेघेणे हाही त्यांत एक आहे, आणि पूज्यपादांनी आपल्या टीकेत प्रस्थासारखी भरण्याची मापे व तुलेसारखी तोलण्याची साधने ही दोन्ही त्यात निरनिराळी दाखवली आहेत. त्याच अध्यायात हिंसेची व्याख्या करताना सूत्रकारांनी नुसता प्राणघात हे लक्षण सांगितले नाही, प्रमत्तयोगाने, म्हणजे गफलतीच्या वृत्तीने झालेला प्राणघात असे सांगितले. आणि टीकाकारांनी ते पद चोरीच्या व्याख्येपर्यंत पुढे नेले. चार हात पुढची जमीन निरखून पाऊल टाकणाऱ्या मुनीच्या पायाखाली अवचित एखादा जीव आला तर त्याला बंध नाही. आणि न पाहता चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव मेला नाही, तरी तो हिंसेतून सुटत नाही. या विवेचनाइतके न्याय्य असे या विषयावर मी दुसरे वाचलेले नाही. तोच न्याय तेलाला लावला तर असे दिसते की, ज्याने तेल निवू दिले, तराजू तपासला, काळजीपूर्वक भरले आणि इतके करूनही ज्याच्या हातून थेंबभर कमी गेले, तो निर्दोष आहे. आणि ज्याने कधी चौकशीच केली नाही, त्याच्या बाटलीत योगायोगाने पुरते तेल गेले तरी त्याचे व्रत डागाळलेले आहे. कौटिल्यानेही चौथ्या अधिकरणात अर्ध्या पलाची कमीजास्ती दोष मानू नये असे म्हटले आहे, आणि पूर्ण पलाला मात्र बारा पणांचा दंड सांगितला आहे. अनंत सूक्ष्मता धर्म मागत नाही. माक्याचे तेल करणाऱ्या बाई पहिल्या दिवशी दोषी नव्हत्या. सकाळी उतरलेली पातळी डोळ्यांनी पाहूनही त्यांनी 'असे का' हे स्वतःला विचारले नाही, तर दुसऱ्या दिवसापासून त्या दोषी होतात, असा माझा निर्णय आहे, आणि तो कठोर आहे याची मला कल्पना आहे.

दोन मिलिलिटर तेलासाठी एवढा खल कशाला, असे कोणी म्हणेल, त्याने साबणाकडे पाहावे. हल्ली घरोघर खोबरेलाचे साबण केले जातात. खोबरेलाच्या एका ग्रॅमाला सुमारे 0.183 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. कृती वजनाने लिहिलेली असते. एखाद्याने हजार ग्रॅमांऐवजी मोजपात्राने हजार मिलिलिटर खोबरेल घेतले आणि सोडा मात्र पुरता 183 ग्रॅम घातला, तर त्याच्या भांड्यात प्रत्यक्षात 920 ग्रॅमच तेल असते, त्याला 168 ग्रॅम सोडा पुरतो, आणि उरलेला पंधरा ग्रॅम मोकळाच राहतो. सावध कारागीर शंभरात पाच भाग तेल सोड्याविना शिल्लक राहील असा हिशेब ठेवतात. आठ टक्क्यांची ही चूक ती शिल्लक खाऊन वर पुन्हा सोडा उरवते. तो साबण दिसायला पांढराशुभ्र आणि घट्टच असतो. त्याची आग ज्याला सोसावी लागते तो करणाऱ्याच्या घरातला असतोच असे नाही. पुष्कळदा ते कोणाचे तरी न्हाऊ घातलेले मूल असते. हेतू निर्मळ होता, हे त्या मुलाच्या कातडीला सांगून काय उपयोग?

जुन्या कृती उतरवून घेणाऱ्यांना येथे एक इशारा देणे अवश्य आहे. शार्ङ्गधरसंहितेत चार अंगुळे रुंद आणि तितक्याच खोल पात्राला कुडव म्हटले आहे, म्हणजे ते कैली माप झाले. आणि गुंजेपासून कुडवापर्यंत सुके, ओले व द्रव पदार्थ सारख्याच मानाने घ्यावेत, पण प्रस्थापासून वर ओले आणि द्रव पदार्थ दुप्पट घ्यावेत, अशी परिभाषा दिली आहे. हा संकेत न जाणता 'एक प्रस्थ तेल' याचे कोष्टकावरून ग्रॅम काढणारा मनुष्य निम्म्यावर येतो आणि दोष ग्रंथाला देतो.

ज्यांच्या घरी आजीच्या हातची तेलांची वही आहे आणि तीत वाटी, पळी, मापटे असेच शब्द आहेत, त्यांना माझी विनंती आहे की, त्या वहीतले शब्द खोडू नयेत. ज्या वाटीने आजी मोजत असे ती वाटी अजून फडताळात असेल तर तिचे रिकामे वजन करावे, तेच तेल घरातल्या नेहमीच्या उष्णतेत तिच्या काठापर्यंत भरून पुन्हा वजन करावे, आणि दोहोंतला फरक ग्रॅमांत त्या शब्दाशेजारी लिहून ठेवावा. तेल बदलले की हा खटाटोप पुन्हा करावा, कारण तिळाच्या तेलाचा आकडा एरंडेलाला चालत नाही. आणि जे विकतात त्यांनी गाळलेले तेल निवल्यावाचून भरू नये, बाटली तराजूवर ठेवून भरावी, आणि मिलिलिटरच्या शेजारी ग्रॅमही छापावेत. तिळाच्या तेलाच्या शंभर मिलिलिटरच्या बाटलीवर, 30 अंशांना, तो आकडा सुमारे 91 येतो.